डाव्या खांद्यावरचा वळ

१

सीटवर बसताच मंजिरी वैरागडेचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. तिनं सीट मागं सारायचा खटका ओढला. सीट हलेना. खाली वाकून पाहिलं, तर धडकेनं गाडीचा तळ दुमडून सीटचा रूळ चिमटला होता. म्हणजे धडकेच्या क्षणी सीट जिथं होती तिथंच ती आजही होती. नंतर तिला कुणी हलवू म्हटलं तरी हलवता आलं नसतं.

आणि दाव्यात लिहिलं होतं, की गाडी त्या अपघातात गेलेले धर्मपाल नगराळे चालवत होते. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेला, चांगला सहा फुटी माणूस.

मंजिरी चारचौघींसारख्या उंचीची. तिलाच जिथं धड बसता येईना, तिथं तो माणूस पाय कुठं ठेवणार होता?

ती उतरली. तेलीबांध्याच्या त्या गॅरेजच्या आवारात दुपारचं ऊन रणरणत होतं, चौकीदार जेवायला गेला होता. विमा कंपन्यांसाठी दाव्यांची चौकशी करणं हे तिचं काम. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, नागपूरच्या कंपन्यांनी इकडं कचेऱ्या थाटल्या, त्यांच्यामागोमाग तीही आली. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्याच घरात चहा पिता पिता संशय घ्यायचा. या कामात कुणाचे दुवे मिळत नाहीत, याची तिला आता सवय झाली होती.

गाडीची डावी बाजू झाडावर आदळून पार चेपली होती. उजवी बाजू त्या मानानं धडधाकट. मार डावीकडे आणि माणूस मेला उजवीकडचा?

मग ती मागं आली आणि थांबली. मागच्या काचेवर धुळीचा थर होता, पण कोपऱ्यात तळहाताएवढा चौकोन त्यातल्या त्यात स्वच्छ होता. कडेला गोंद चिकटलेला, आणि त्या गोंदात लाल कागदाची बारीक किनार.

तिथं लाल 'एल' अक्षराची चिठ्ठी होती. शिकाऊ चालकाची. आणि अपघातानंतर कुणीतरी ती खरवडून काढली होती.

२

बूढ़ापाऱ्यातल्या गल्लीत नगराळ्यांचं घर. समोरच्या खोलीत अंजनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या अशाच बसतात, असं शेजारणीनं दारातच सांगितलं होतं. थोरला धम्मदीप बापासारखाच उंच, दाराच्या चौकटीत उभा. धाकटी पिंकी आतल्या खोलीच्या पडद्याआड.

"जय भीम, ताई. बसा." अंजनाबाई म्हणाल्या. "किती डाव इचारता जी तुमी लोकं? सांगून राहिलो ना, हेच गाडी चालवत होते."

"एकदाच विचारते, बाई. मग नाही त्रास देणार."

धम्मदीपनं हिंदीत तोंड घातलं. "मैडम, पापा चला रहे थे, पिंकी बाजू में थी. बस. पुलिस को भी यही बताया है."

"तुम्ही तिथं होतात?"

"नहीं. फोन आया तो सीधा अस्पताल गया."

"तुम्हाला गाडी येते?"

त्याचा चेहरा कडक झाला. "आती है. तो?"

मंजिरीनं त्याच्या लांब पायांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं. त्या सीटवर हाही मावला नसता.

धर्मपालरावांना पहिल्यांदा कुणी पाहिलं, असं तिनं हळूच विचारलं. अंजनाबाईंचे डोळे भरून आले. रस्त्यावरच्या लोकांनीच दोघांना ओढून बाहेर काढलं होतं. पोलीस पोचेपर्यंत दोघं दवाखान्यात, आणि काढणारे आपापल्या वाटेनं गेलेले.

"आंगोळ घालतानी मी पाह्यलं ना, ताई. असा निळा वळ पडला होता. पट्ट्याचा." त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं आणि छातीवरून तिरपं उजव्या कुशीपर्यंत नेलं. "पट्टा बांधला होता त्यायनं, तरी वाचले नाई."

उजवीकडे बसून चालवणाऱ्याच्या सीटचा पट्टा उजव्या खांद्यावरून उतरतो. डाव्या खांद्यावर वळ उठतो तो शेजारी बसलेल्याच्या.

ती काही बोलणार, तोच दारात एक हसरा, गोरटेला माणूस आला. चपला काढतानाच बोलू लागला. "अरे, मंजिरी दीदी! पेपर सारे मैंने जमा कर दिए हैं. इन लोगों को काहे तकलीफ?"

हा सुशील. विमा एजंट. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचाही धंदा, दुकान सदर बाजारात. धर्मपालरावांना गाडी यानंच विकली, विमाही यानंच उतरवला. घरात त्याचा वावर मुलासारखा होता. अंजनाबाईंच्या पाया पडून तो म्हणाला, "काकी, गाड़ी का कबाड़वाला भी देख लिया है. दीदी हाँ कर दें तो उठवा देता हूँ. आँख के सामने नहीं रहेगी तो जी हल्का होगा."

"इतकी घाई?" मंजिरीनं विचारलं.

"इनके लिए ही तो, दीदी."

पिंकी चहा घेऊन आली. विशीतली, चणीनं लहानखुरी पोट्टी. आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. कप तिनं डाव्या हातानं पुढं केला. ओढणी सावरायला म्हणून उजवा हात वर नेला आणि अर्ध्यातच कळवळून खाली आणला.

तिचा उजवा खांदा दुखत होता.

३

"झालं तर मग," कंपनीचे दावे बघणारे विनायक सर खुर्चीत मागं रेलले. "मुलगी चालवत होती, बयान खोटं दिलं. दोन ओळींचा रिपोर्ट द्या, दावा बंद. तुम्ही एका दिवसात काम संपवलंत."

मंजिरीला त्या कौतुकाचा आनंद झाला नाही. तिनं पॉलिसीची प्रत पुढं ओढली. "सर, मी आरटीओत पाहिलं, मुलीजवळ शिकाऊ लायसन होतं. शेजारी पक्कं लायसन असलेला बाप बसला होता. गाडीवर शिकाऊची चिठ्ठी होती. यात बेकायदा काय आहे?"

"काही नाही. पण..."

"आणि मालकाच्या अपघाती मृत्यूचं हे कलम बघा. मालक स्वतः चालवत असो, नाहीतर सहचालक म्हणून शेजारी बसलेला असो. दोन्हीत संरक्षण आहे. त्यांनी खरं सांगितलं असतं, तरी दावा बसत होता."

विनायक सरांनी चष्मा काढला. "मग खोटं कशाला बोलले?"

"त्यांनी हे वाचलंच नसेल. गाडीचा विमा कोण वाचतो? लोक सही करतात आणि कागद कपाटात टाकतात. पण सुशीलचं तसं नाही. तो रोज हेच विकतो."

तिथंच तिला गाठ सुटत नव्हती. ती पुन्हा तेलीबांध्याला गेली. चौकीदार लहानू आता फाटकावरच होता.

"घरचे लोक गाडी बघायला आले होते?"

"घरचं तं कोनी आलंच नाई, बाई. एजंटभैया आला होता. ज्या दिवशी गाडी आनली त्याच सांजेले. म्हने, सामान काढाचं हाये."

"काय सामान नेलं?"

लहानूनं डोकं खाजवलं. "हातात तं काईच नव्हतं. मागच्या काचेपाशी काई तरी करून राह्यला होता."

मंजिरी आवारातल्या बाकावर बसून राहिली. जो कागद त्या घराला वाचवू शकत होता, तोच सुशीलनं खरवडून काढला होता, आणि त्या कागदाची किंमत माहीत असताना काढला होता. एजंट आपल्याच गिऱ्हाइकाचा खरा दावा मोडून खोटा का उभा करेल? दोन्हीत पैसे तर कंपनीचेच जाणार होते. फरक पडत होता तो एकाच गोष्टीत.

एका कहाणीत चालक मेलेला होता. दुसरीत चालक जिवंत होता.

४

पिंकी तिला बूढ़ा तालाबच्या बागेत भेटली. घरात बोलणार नाही, असं तिनं दारातच डोळ्यांनी सांगितलं होतं. तळ्यावर ऊन चमकत होतं, पलीकडं नावा बांधून ठेवल्या होत्या. बराच वेळ ती नखानं बाकाचा रंग खरवडत बसली.

"पिंकी, मला माहीत आहे गाडी कोण चालवत होतं."

पोट्टीचा बांध फुटला. "मीच मारलं, ताई. बाबाले मीच मारलं. मा बोलत नाई माझ्यासंग. जेवाले वाढते, पन बोलत नाई."

मंजिरीनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "काय झालं, ते पहिल्यापासून सांग. भरधाव होतीस?"

"नाई जी! बाबा जाऊच देत नव्हते भरधाव. समोर गाय आली. बाबा म्हने, ब्रेक. मी दाबला." तिनं चप्पल जमिनीत रुतवली. "पाय खाली गेला... पुरा खाली. काई लागलंच नाई. जसं पान्यात पाय टाकला. मंग बाबानं स्टिअरिंग आपल्याकडं ओढलं. झाड त्यायच्याच बाजूनं आलं."

गाय चुकवायला बापानं गाडी स्वतःकडे ओढून घेतली होती.

"हे ब्रेकचं तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. दवाखान्यात पहिल्यांदा सुशीलभैयालेच सांगितलं. तो म्हने, हे बोलू नको. सगळे म्हनतील पोट्टीनं घाबरून ब्रेकच्या जागी ॲक्सिलेटर दाबला. जेल होईन, अन् विमा बी मिळनार नाई. काका चालवत होते असं सांग. मेलेल्या मानसाले कोन इचारते." ती थांबली. "आता मलेच समजत नाई, ताई. खरंच ब्रेक दाबला होता का मी? का ॲक्सिलेटर? रोज इचार करते अन् रोज वेगळंच आठवते."

हा घाव सगळ्यांत खोल होता. सुशीलनं त्या पोरीच्या तोंडातून खरं काढून घेतलं होतं, आणि आता ते तिच्या डोक्यातूनही निघून चाललं होतं.

मंजिरी उठली. "गाडी उठवायला तो कबाडवाला कधी येणार आहे?"

"आजच, जी. दुपारपर्यंत."

५

रस्ताभर ती कंपनीच्या सर्व्हेअरला, परागला, फोन लावत राहिली. दोघं गॅरेजवर पोचले तेव्हा ट्रक फाटकाशी उभा होता आणि लहानू दोन्ही हात पसरून त्याच्यापुढं. "बाई गाडी पाहून राहिली हाये, असं म्हटलं मी," तो म्हणाला. "हे आयकतच नाई."

ट्रक परत गेला. परागनं गाडी उचलून घेतली आणि खाली सरपटला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"ही गाडी आधी एकदा मेलेली आहे, मंजिरीताई. पुढचा सांगाडा कापून जोडलाय, जोडाचा गंज जुना आहे. पुढच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी मधेच तोडून दुसऱ्या नळीला जोडली आहे, आणि तो जोड झिरपत होता. ब्रेक ऑइलची डबी कोरडी आहे. लगतच्या पत्र्यावर झिरपल्याचे ओघळ आहेत, त्यावर धूळ बसून पुटं चढलीत. हे धडकेत फुटलेलं नाही. महिनोन् महिने गळत होतं."

गाडीच्या नंबरावरचे जुने दावे कंपनीत फोन करून विचारून घेतले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मंजिरी सदर बाजारात पोचली. सोनारांच्या आणि कापडाच्या दुकानांमधून स्कूटरी वाट काढत होत्या. सुशीलनं तिला पाहून थंडा मागवला. तिनं ग्लासाला हात लावला नाही.

"सुशीलभैया, धर्मपालरावांनी गाडी घेताना कुणा मिस्त्रीला दाखवली होती?"

"काका को मुझपर भरोसा था, दीदी."

"विम्याचा फॉर्म कुणी भरला?"

"मैंने. काका ने साइन किया. सब ऐसे ही करते हैं."

"त्यात लिहिलंय, या गाडीवर आजवर दावा झाला नाही, म्हणून हप्त्यात सूट द्या. ती सूट आधीच्या मालकाची. नव्या मालकाला ती मिळतच नाही. आणि मुळात तीही खोटी, कारण आधीच्या मालकानं याच गाडीचा मोठा दावा घेतला होता. गाडी भंगारात गेली होती. ती भंगारातून तुम्ही उचललीत."

सुशील हसला. "स्वस्त बनवाके दी काका को. क्या गलत किया? आजकल कौन..."

"सगळी गाडी जोडून दिलीत, तर ब्रेक का सोडलेत?"

"ब्रेक एकदम टनाटन था! उधर की नली तो मैंने खुद खड़े होकर बदलवाई थी, राइट साइड की, कसम से..."

रस्त्यावरचा हॉर्नांचा कल्लोळ एकाएकी मोठा वाटू लागला.

"नळीचं नाव मी काढलंच नव्हतं," मंजिरी म्हणाली. "पिंकीनं दवाखान्यात ब्रेक शब्द उच्चारला आणि तुम्हाला तो जोड आठवला. ती चालक म्हणून जबाब देणार, ब्रेक लागला नाही म्हणणार, पोलीस गाडी उचलून बघणार. त्यापेक्षा चालक मेलेला बरा. मेलेला माणूस ब्रेकबद्दल बोलत नाही. म्हातारा होता, डोळ्यापुढं अंधारी आली असेल, असं म्हणून सगळे मोकळे. म्हणून तुम्ही काचेवरची चिठ्ठी खरवडलीत. म्हणून कबाडवाल्याची घाई."

सुशील मराठीत बोलला, बहुधा कित्येक वर्षांनी. "त्या घरी मी जेवलो हाये, दीदी. काकानं मले पोरासारखं वागवलं. जोड गळन असं मले वाटलंच नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं."

"अपघातापर्यंतचं मान्य करते," मंजिरी म्हणाली. "त्यानंतरचं काय? त्या पोरीला तुम्ही आयुष्यभर बापाची मारेकरी म्हणून जगायला सोडत होतात."



६

नगराळ्यांच्या घरात तिनं सगळं सांगितलं तेव्हा पहिला भडकला धम्मदीप. आधी सुशीलवर. मग तिच्यावर. "आता आमी जाऊन सांगाचं, का खोटं बोललो? क्लेम भी गया, इज्जत भी गई. पापा तो आनेवाले नहीं!"

"दावा जाईल की राहील, मला सांगता येत नाही," मंजिरी म्हणाली. "खोटं बयान आहे, खोटी सूट आहे. कंपनी भांडेल. मी रिपोर्टात काही लपवणार नाही, तुमच्यासाठीही नाही. पण गाडीचं खरं कारण आता फक्त पिंकीच्या जबाबानं उभं राहतं. ती चालक नव्हती असं म्हणत राहिलात, तर ब्रेक लागला नाही हे सांगायला कुणीच उरत नाही."

अंजनाबाई भिंतीला टेकूनच होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

पुढचं सगळं लांबत गेलं. सुशीलवर गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला, सदर बाजारातलं दुकान त्यानं बंद केलं. कंपनीनं आधी दावा नाकारला. मंजिरीनं रिपोर्टात सहचालकाचं कलम ठळक लिहिलं होतं आणि विनायक सरांना ते आवडलं नव्हतं. त्या कंपनीचं काम तिच्याकडे येणं हळूहळू बंद झालं. नगराळ्यांनी वरती दाद मागितली, तेव्हा कुठं धर्मपालरावांच्या मृत्यूचा हिस्सा मंजूर झाला. गाडीचं काहीच मिळालं नाही.

पण ते सगळं नंतर. त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी ठाण्यात गेल्या. धम्मदीप आला नाही. पिंकी खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर घट्ट दाबून. मंजिरी दाराशी थांबली. आत जाण्याचा तिला अधिकार नव्हता.

हवालदारानं कागद सरळ केला, पेन झटकलं.

"हाँ, तो गाड़ी कौन चला रहा था?"

पंखा गरगरत होता. पिंकीनं आईकडे पाहिलं. अंजनाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मी," पिंकी म्हणाली. "मी चलवून राह्यली होती."

हवालदारानं मान खाली घातली आणि लिहायला लागला. एवढंच लिहून तो पुढच्या प्रश्नाला वळणार, तेवढ्यात अंजनाबाईंनी हात लांब करून त्याच्या कागदावर ठेवला.

"थांबा जी," त्या म्हणाल्या. "पोट्टीनं ब्रेक दाबला होता. पुरा दाबला होता. ते बी लिवा."